एका बाहुलीत दोन हात

आमच्या गावात मासे पाळायच्या तळ्यांमधले बांध चिंचोळे आहेत. समोरून कोणी आलं की एकाने कडेला व्हायचं, दुसऱ्याने मान हलवून पुढे जायचं, ही इथली जुनी रीत. कुओ ली-छिन कधीच कडेला होत नाही. ती बांधाच्या मधोमध चालत येते, आणि समोरचा चिखलात पाय घालून उभा राहतो. बोलण्यातही तिचं तसंच. त्यामुळे ती खरं बोलली तरी लोकांना ते भांडण वाटतं, आणि गेल्या पावसाळ्यात आ-च्वान काकांच्या बाबतीत नेमकं तेच झालं.

माझं तळ्यातलं पाणी घुसळणाऱ्या पाणचक्रांच्या मोटारींचं दुकान तिच्या दारासमोर आहे. मी तिला ताई म्हणतो, ती मला आ-खुन म्हणते आणि मनाला येईल ते बोलते. तिची सगळी गोष्ट मला ठाऊक आहे, कारण आमच्या गल्लीत गोष्टी लपवायला भिंती पुरत नाहीत.

ती शाळा संपवून काओश्युंग शहरात कारखान्यात कामाला गेली. सूक्ष्मदर्शकाखाली केसाएवढ्या तारा जोडायच्या. तिशीत चष्मा लागला, चाळिशीत त्याची काच बाटलीच्या बुडाइतकी जाड झाली. मग मालकांनी कारखाना समुद्रापलीकडे न्यायचं ठरवलं, आणि यंत्रं खोक्यांत भरायला त्याच बायकांना लावलं ज्यांचं काम त्या यंत्रांबरोबर जाणार होतं. ताईने स्वतःचं यंत्र स्वतःच्या हातांनी बांधलं. ती हे सांगते तेव्हा रडत नाही. समोरच्या कपाकडे असं बघते की कपानेच ते केलं असावं.

ती गावी परत आली ती वडिलांसाठी. वडील साबाही जातीचे मासे पाळायचे. इथला प्रत्येक तळेवाला पाणचक्राच्या आवाजावर झोपतो; आवाज चालू आहे तोवर झोप, थांबला की जाग. पाणचक्र थांबलं की पाण्यातला प्राणवायू सरतो, आणि मासा बुडून मरतो. पाण्यात जन्मलेला जीव पाण्यात बुडून मरतो, यासारखं लाजिरवाणं मरण मी दुसरं पाहिलेलं नाही.

वडील गेल्यावर शेजारच्या तळ्यावर राहिले आ-च्वान काका. अठ्ठ्याहत्तरी ओलांडलेले, हाडाने बारीक, स्वभावाने गोड. त्यांचं तळं देवळाच्या मालकीचं. देवळाची समिती ते खंडाने देते आणि दर काही वर्षांनी नव्याने ठरवते. काकांकडे ते तरुणपणापासून होतं. पण काकांचे कान जाऊ लागले होते. चक्र थांबलं तरी त्यांना जाग येईना. दोनदा ताईनेच धावत जाऊन त्यांना उठवलं.

"काका, तुमच्यासाठी मी रोज जागी राहू का? माझं लग्न तुमच्या चक्राशी लागलंय का?" ती ओरडली. त्यांना ओरडूनच ऐकू जायचं, त्यामुळे तिच्या स्वभावाचा त्यांना कधी त्रास झाला नाही.

"तुझ्याशी लग्न करायला चक्रालाही धाडस लागेल गं," काका म्हणाले.

त्याच वर्षी ताईने लोकविद्यालयात नाव घातलं. संध्याकाळी शाळेच्या वर्गात भरतं ते. एका खोलीत फुलांची रचना, दुसरीत जुनी गाणी, तिसरीत पायथन ही संगणकाची भाषा. तिच्या वर्गात निवृत्त पोस्टमन होते, चहाच्या दुकानाची मालकीण होती, आणि ही. ही सगळ्यांत आधी शिकली. तारा जोडणाऱ्या माणसाला कोणती गोष्ट कुठे जोडली जाते हे कळल्याशिवाय चैन पडत नाही.

काकांच्या मोबाईलसाठी तिने अ‍ॅप बनवलं. चक्र थांबलं तर मोबाईल थरथरायचा, खिशात, उशीखाली. कानाची गरज नाही. आणि पडद्यावर एक मोठं बटण. चक्र बंद असेल तर दाबल्यावर चालू, चालू असेल तर बंद.

ती माझ्या दुकानात बसून ते लिहायची, कारण तपासायला मोटार माझ्याकडे होती. मी एकदा डोकावलो तर दोन फाईली उघड्या.

"दोन कशाला? एकीत भागत नाही?"

"तू मोटारीचं कव्हर आणि वाइंडिंग एकत्र ओततोस का रे?"

"नाही."

"मग." थोड्या वेळाने तिला वाटलं असावं की मला आणखी काही तरी द्यायला हवं. "देवीच्या उत्सवात ट्रकवर बाहुल्यांचा खेळ होतो ना? ही मांडणीची फाईल म्हणजे बाहुली. तोंड कसं, कपडे कसले, बटण कुठे, अक्षरं केवढी. ही दुसरी, कोडची, म्हणजे हात. हात आत गेल्याशिवाय बाहुली चिंधी आहे. आणि बाहुलीशिवाय हात म्हणजे हवेत वळवळणारी बोटं."

"आणि कोणता हात कोणत्या बाहुलीत, हे कोण सांगतं?"

"नाव. दोन्हींची नावं जुळती ठेवली की अ‍ॅप उघडताना ती आपली आपण एकमेकांना शोधतात. कोणी सांगावं लागत नाही. नाव जुळत नसलं तर एक ओळ लिहून हाताला बाहुलीपर्यंत न्यावं लागतं. यातलं एकच करायचं. दोन्ही केलं तर..." तिने हात झटकला. "तू पान थुंकून ये आधी. कीबोर्डवर उडतंय."

ते अ‍ॅप काकांकडून शेजाऱ्यांकडे गेलं, तिथून पुढच्या गावात. पावसाळे गेले, उन्हाळे गेले, बटण दाबलं की चक्र फिरायचं. कोणी ताईला मासा आणून द्यायचं, कोणी पेरू. पडद्याच्या तळाशी बारीक अक्षरात तिचं नाव होतं. ते नाव वाचायला काकांना भिंग लागायचं, पण ते पाहुण्यांना दाखवायचे.

मग शहरातली कंपनी आली.

तिचं नाव मी लिहीत नाही. अशा कंपन्यांची नावं बदलत असतात, हसू तेच राहतं. त्यांना सगळ्या किनाऱ्यावरची तळी एका पडद्यावर हवी होती. शून्यातून बनवण्यापेक्षा ताईचं घेणं सोपं होतं. तिला वर्षभर कामावर ठेवलं, सगळं समजून घेतलं, आणि वर्ष संपल्यावर लिआओ नावाचा व्यवस्थापक तिला म्हणाला, "ताई, तुमच्या अनुभवाबद्दल आम्हाला फार आदर आहे." आदर आहे म्हणजे उद्यापासून येऊ नका, हे तिला कारखान्यातच कळलं होतं. तिने टेबलावरचा आपला कप उचलला आणि बसने परत आली.

त्यानंतर त्यांनी अ‍ॅपमध्ये एकच बदल केला. तळाचं तिचं नाव काढून वर आपलं चिन्ह घातलं. निळा मासा, पोटात वीज.

तो बदल सगळ्यांच्या मोबाईलवर आला आणि दुसऱ्याच दिवशी आभाळ खाली उतरलं. वारा मेला. काकांच्या तळ्याचं पाणी हिरवं होतं ते रात्रीत तांबूस झालं. शेवाळ मेलं की असं होतं, आणि मेलेलं शेवाळ पाण्यातला सगळा श्वास पिऊन टाकतं. काका त्या दिवशी काकूंना घेऊन तालुक्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले होते. दुपारी गावात वीज जाऊन आली, चक्र थांबलं, आणि ते तिथे बाकावर बसलेले असताना मोबाईल थरथरला. त्यांनी बटण दाबलं. पडद्यावर काहीतरी हललं. थरथर पुन्हा सुरू झाली. त्यांनी पुन्हा दाबलं. अक्षरं नीट वाचता येत नव्हती, त्यांना वाटलं, डोळ्यांचंच काही. डोळ्यांच्या डॉक्टरकडे बसलेल्या माणसाला दुसरं काय वाटणार?

ते परतले तेव्हा मासे वर तोंडं काढून हवा चावत होते. काठावर उभं राहून त्यांनी बटण दाबलं. चक्राने अर्धा वळसा घेतला, दचकल्यासारखं, आणि थांबलं. पुन्हा दाबलं. पुन्हा अर्धा वळसा. मग ते धावले, काठावरच्या विजेच्या पेटीतला खटका हाताने ओढला. चक्र फिरू लागलं, पण तोवर तळं पांढरं व्हायला लागलं होतं. पोटं वर. संध्याकाळपर्यंत पाणी दिसेना.

मला बोलावलं. आधी सगळ्यांनी मोटारीला दोष दिला, म्हणजे मला. मी ती उघडली, पुसली, बाहेर काढून चालवली. ठणठणीत. तेव्हा लोक काकांकडे वळले.

लिआओ साहेब दुसऱ्या दिवशी आले. पांढरे बूट. त्यांनी पहिल्यांदा काय पाहिलं सांगू? पेटीवर ठेवलेलं कुरकुऱ्यांचं हिरवं पाकीट. यंत्राने शहाण्यासारखं वागावं म्हणून आम्ही सगळेच ते ठेवतो, दवाखान्यात ठेवतात, बँकेत ठेवतात, त्यांच्या कंपनीतही ठेवत असतील. त्यांनी ते उलटं केलं.

"काका, याची तारीख गेलीय बघा," ते हसत म्हणाले. "म्हणून रुसलं असेल."

एका माणसाचं वर्षभराचं काम पाण्यावर पोट वर करून तरंगत होतं. वास सुटला होता. आणि हा माणूस विनोद करत होता. त्याहून वाईट म्हणजे काका कसनुसं हसले, आणि त्यांनी माफी मागितली.

नंतर लिआओंनी मोबाईलवर नोंद दाखवली. प्रत्येक वेळी बटण दोनदा दाबलं गेल्याची नोंद होती. एकदा दाबल्यावर चालू, लगेच दुसऱ्यांदा दाबल्यावर बंद. "वापरकर्त्याचा हात थरथरतो. या वयात होतं. कोणाचाच दोष नाही."

वापरकर्ता. ज्या माणसाने आपल्या हातांनी बांध घातले, जाळी विणली, मुलं वाढवली, त्याला त्यांनी एका शब्दात पुसलं, आणि वर म्हणाले दोष कोणाचा नाही. जेव्हा एखादा साहेब दोष कोणाचाच नाही म्हणतो तेव्हा समजावं की तो कोणाच्या अंगावर टाकायचा हे ठरून झालंय.

त्यांनी देवळाच्या समितीपुढे प्रस्तावही ठेवला. म्हाताऱ्या माणसांची तळी कंपनी सांभाळेल; तरुण हात, चोवीस तास लक्ष. काकांच्या तळ्याचा खंड त्याच महिन्यात नव्याने ठरायचा होता.

ताईला हे सगळं मी सांगितलं. ती तशीच उठली. काकांकडे गेली, त्यांच्या हातातून मोबाईल घेतला, आणि पडदा चष्म्याला टेकवला.

"ही अक्षरं सुजलीत."

"माझे डोळे..." काका म्हणाले.

"तुमचे डोळे राहू द्या. मला दिसतंय." तिने मोबाईल माझ्या नाकासमोर धरला. "बघ. एकावर एक दोनदा लिहिलीयत. सगळी. 'चालू' खाली 'चालू', बटणाखाली बटण. हा पडदा दोनदा उभा राहिलाय."

घरी नेऊन तिने आधी त्यावर नवं अ‍ॅप आपोआप येणं बंद केलं आणि मग तो तारेने संगणकाला जोडला. अ‍ॅप उघडताच ओळी धावू लागल्या, आणि त्यांतली एक पिवळी होती. तिने ती मला वाचून दाखवली: ही मांडणीची फाईल एकाहून जास्त वेळा जोडली गेली आहे, त्यामुळे नको ते घडू शकेल. यंत्राने स्वतः सांगितलं होतं. अ‍ॅप उघडेल त्या प्रत्येक वेळी, प्रत्येक मोबाईलवर, ते हे सांगत होतं. कंपनीत बसलेल्यांच्या पडद्यावरही ही पिवळी ओळ धावली असणार. त्यांनी पाहिला फक्त निळा मासा. मासा जागेवर दिसला, हात झटकले. बटण कोणी दाबून पाहिलं नाही.

"बटण बाहुलीतच आहे," ताई म्हणाली. "'दाबलं की हे कर' ही सूचनाही तिथेच. बाहुली दोनदा जोडली की सूचनाही दोन होतात. बोट एकदाच दाबतं आणि आतून दोन हात हलतात. एक चालू करतो, दुसरा बंद."

कंपनीत त्सेंग नावाचा एक जण तिच्या हाताखाली शिकलेला होता. तिने त्याला फोन लावला, माझ्यासमोर, मोठ्या आवाजावर.

"जोडणीची ओळ तू घातलीस?"

पलीकडे दार लावल्याचा आवाज आला. मग, "ताई, तो मासा बसवताना मी एकच तुकडा वेगळा चालवून बघत होतो. पडदा कोरा येत होता. म्हणून ओळ घातली."

"आणि काढली नाहीस."

"खात्रीसाठी ठेवली. म्हटलं, नाव न जुळल्यामुळे कधी चुकलीच गाठ तर ही तरी असेल."

"नाव मी जुळवून ठेवलं होतं. चार वर्षं ते चुकलं नाही."

"मला कळलंय, ताई. मासे मेल्याची बातमी आली तेव्हाच कळलं. मी साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, ओळ काढ, नवं अ‍ॅप सोड, आणि बोलू नकोस." मग हलक्या आवाजात, "माझं नाव घेऊ नका. घरी हप्ते आहेत, आई माझ्याकडे आहे."

मला वाटलं ताई आता त्याला फाडून खाईल. ती म्हणाली, "जेवलास का?" आणि फोन ठेवला.

एकच खात्री दोनदा करून घ्यायची ही आमची सगळ्यांचीच खोड. उदबत्ती लावली तरी पुन्हा लावायची, पाकीट ठेवलं तरी दुसरं ठेवायचं. त्सेंगचा मला राग आला नाही. जाणूनबुजून गप्प बसणाऱ्यांचा आला, आणि तो अजून उतरलेला नाही.

सभा देवळाच्या बाजूच्या दालनात झाली. समितीचे अध्यक्ष चहाच्या तबकामागे बसले होते, तळेवाले प्लॅस्टिकच्या लाल स्टुलांवर. काका शेवटच्या रांगेत, गुडघ्यांवर हात. लिआओ साहेबांनी बरोबर संत्री आणली होती. मी ताईच्या सांगण्यावरून मोटार आणि पेटी छोट्या ट्रकवर घालून आणली होती आणि अंगणात मांडली होती.

ताई उभी राहिली. तिने सुरुवातच चुकीची केली. "तुमच्यापैकी कोणालाच हे कळणार नाही, पण ऐका."

"बस खाली, फटाक्यांची माळ!" मागून कोणी म्हणालं, आणि हशा झाला.

तिने बाहुली सांगितली, हात सांगितला, पिवळी ओळ सांगितली. लोक ऐकत होते, पण तिच्या आवाजाकडे बघत होते. मग तिने काकांचा मोबाईल माझ्या हातात दिला. "दाब. एकदाच."

मी दाबलं. अंगणातल्या चक्राने अर्धा वळसा घेतला आणि थांबलं. दालनात कुजबुज झाली. माझं बोट थरथरत नाही, मी त्याच बोटांनी वाइंडिंग गुंडाळतो, हे सगळ्यांना माहीत होतं.

लिआओ साहेब शांतपणे उठले. स्वतःचा मोबाईल त्याच पेटीला जोडून त्यांनी बटण दाबलं. चक्र फिरू लागलं आणि फिरत राहिलं.

"अ‍ॅप तेच," ते म्हणाले. "मग फरक कशात? काकांचा मोबाईल जुना आहे. जुन्या काचेला एक स्पर्श कधी कधी दोन वाटतात. आधी मला वाटलं हात म्हातारा आहे. माफ करा, काका. मोबाईल म्हातारा आहे." लोक हसले. सुटल्यासारखे हसले.

"तेच नाही!" ताई ओरडली. "तुमच्यावर नवं आहे. तुम्ही ते परवा गुपचूप बदललंत!"

"नवं सगळ्यांसाठीच सोडलंय. काकांनी घेतलं नाही. सोबत लिहिलंय ना, 'वापर अधिक सुलभ केला आहे'."

"सुलभ! चूक होती ती! तुमच्या माणसाने एक ओळ जास्त घातली!"

"कोणी?" लिआओंनी मान किंचित वाकडी केली. "ताई, आमच्या कचेरीतलं तुम्हाला कोणी सांगितलं? नाव घ्या. मी इथूनच फोन लावतो."

ताईने काकांचा मोबाईल माझ्या हातातून परत घेतला.  ती माझ्याकडे बघत नव्हती. ती तबकावरच्या कपाकडे बघत होती, आणि मला कळलं ती नाव घेणार नाही. एका नावाने काकांचं तळं वाचलं असतं. त्याच नावाने दुसऱ्या कोणाला आपला कप उचलून बसने घरी जावं लागलं असतं.

"ओळ घातली गेली होती," ती शेवटी म्हणाली. "एवढंच सांगते."

"म्हणजे पुरावा नाही," अध्यक्ष म्हणाले. ते वाईट गृहस्थ नाहीत. त्यांना भांडण नको असतं, आणि भांडण नको असणाऱ्यांनी या जगात केलेलं नुकसान कोणी मोजत नाही. "असं करू. देवीला विचारू. कौल लावू. काकांनी दोनदा दाबलं की नाही, आई सांगेल."

कौलासाठी जमिनीवर टाकायच्या लाल लाकडी चंद्रकोरी आणायला कोणी उठलं. तेवढ्यात काका उभे राहिले.

"देवीला कशाला त्रास?" त्यांना स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, म्हणून ते फार हळू बोलले. "कान गेले तेव्हाही मला आधी कळलं नव्हतं. बोटही तसंच गेलं असेल. दाबलं असेल मी दोनदा. तळं दुसऱ्याला द्या."

लिआओ साहेबांनी संत्री वाटायला घेतली.

मासे मेले ते मी समजू शकतो. हवा मरते, मासे मरतात. पण एका माणसाला त्याच्याच बोटाविरुद्ध साक्षीला उभं केलं, त्याच्या तोंडून खोटं वदवून घेतलं आणि वर संत्रं हातात ठेवलं, याला आमच्या भाषेत शब्द नाही. तुमच्याकडे असला तर सांगा.

तळं महिन्याअखेरीला कंपनीकडे जाणार असं ठरलं. काका रोज तिथे जायचे, पण पेटीला हात लावायचे नाहीत. चक्र चालवायचं झालं तर काकूंना बोलवायचे. घरी दिवा लावतानाही थांबायचे, बोट बटणावर धरून बघत राहायचे, असं काकूंनी मला सांगितलं. गॅसची शेगडी पेटवणं तर त्यांनी बंदच केलं होतं.

एके दिवशी दुपारी ताई माझ्या दुकानात आली आणि म्हणाली, "चल." तिने तिचं जुनं अ‍ॅप, तळाशी बारीक नाव असलेलं, काकांच्या त्याच जुन्या मोबाईलवर, त्याच जुन्या काचेवर, परत बसवलं होतं. काका बांधावर उकिडवे बसले होते.

"दाबा," तिने मोबाईल पुढे केला.

"नको गं. तू दाब."

"माझं बोट म्हातारं झालंय. तारा जोडून जोडून झिजलंय. तुम्ही दाबा."

"आ-खुन, तू दाब रे."

"मी पान खातोय, काका."

"काका," ती ओरडली, पण या वेळी फक्त त्यांना ऐकू जावं म्हणून, "हे दाबल्याशिवाय मी बांधावरून हलणार नाही, आणि मी हलत नाही हे तुम्हाला माहीत आहे."

त्यांनी हात पुसला. बोट पडद्याच्या वर धरलं आणि बराच वेळ तसंच ठेवलं, जणू ते दुसऱ्या कोणाचं होतं. मग टेकवलं.

पाण्यात चक्र हललं. अर्धा वळसा झाला, आणि काकांनी डोळे मिटले. वळसा पुरा झाला. दुसरा झाला. पाणी पांढरं होऊन उडू लागलं. त्यांना आवाज पुरता ऐकू येत नव्हता, म्हणून त्यांनी चक्राला बांधलेल्या बांबूच्या खांबावर तळवा ठेवला. खांब थरथरत होता. तळवा स्थिर होता. ते दोन्हीकडे आळीपाळीने बघत राहिले.

"तोच मोबाईल?" त्यांनी विचारलं.

"तोच."

"काच बदलली?"

"नाही."

"मग मी त्या दिवशी एकदाच दाबलं होतं."

"एकदाच, काका."

त्यांनी चक्र बंद केलं. पुन्हा चालू केलं. पुन्हा बंद केलं.  शेवटी त्यांनी ते चालूच ठेवलं, रिकाम्या पाण्यावर, आणि उठले. "देवळात जाऊ," म्हणाले.

बांधावर ताई त्यांच्या वाटेत उभी होती. ती कडेला झाली. तिची चप्पल चिखलात रुतून तिथेच राहिली. ती अनवाणी मागून चालू लागली.

अध्यक्ष चहा ओतत होते. "या काका. तळ्याबद्दल विचार बदलला का? आता कागद झालेत हो."

"तळं राहू दे तुमच्याकडे," काका म्हणाले, आणि या वेळी एवढ्या मोठ्याने की गाभाऱ्यातली पुजारीण बाहेर आली. "त्या दिवशी इथे उभा राहून मी एक बोललो होतो. दाबलं असेल दोनदा, असं. ते मी परत न्यायला आलोय."

"आता त्याने काय होणार?"

"काही न होऊ दे. पण ते खोटं होतं. आईसमोर बोललो होतो, आईसमोर परत घेतो. मी एकदाच दाबलं होतं."

अध्यक्षांनी किटली खाली ठेवली. त्यांनी चहाचा कप पुढे केला. काकांनी तो घेतला नाही.